अडतिशीतला कॅप्टन: नुसत्या नेतृत्वावर वीस जणांत घ्यायचा का?

सातपूरकर मॅनेजर

नमस्कार मंडळी,

जिल्हा फुटबॉल लीगसाठी वीस खेळाडूंची यादी या गुरुवारी द्यायची आहे. एकोणीस नावांवर आमच्या तिघांचं एकमत आहे. विसाव्या नावावरून मात्र रोज फोनाफोनी चालू आहे, आणि ते नाव आमच्या कॅप्टनचं आहे.

आधी क्लबबद्दल थोडं सांगतो, म्हणजे अंदाज येईल. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली काही मुलं, सिडकोतली कॉलेजची पोरं, दोघं देवळाली कॅम्पातून येतात, एक सिन्नरहून एसटीने. पगारी कोच नाही. वर्गणी आणि एका द्राक्षबागायतदार मित्राची मदत यावर जर्सी, बॉल आणि रेफ्रीची फी भागते. मी मॅनेजर, निवड मी आणि दोन जुने खेळाडू मिळून करतो.

कॅप्टन डिसेंबरात एकोणचाळिसाव्यात जाईल. स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मध्यभागी खेळतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत हवेतला बॉल त्याच्या डोक्यावरून गेलेला मी पाहिला नव्हता. आजही कॉर्नरला त्याच्याइतकं टायमिंग आमच्यात कोणाकडे नाही. पण पाय गेले. स्पष्टच लिहितो, कारण मैदानावर ते लपत नाही. समोरच्या संघांना ठाऊक झालंय की त्याच्या मागे लांब बॉल टाकला की काम होतं. तो वळेपर्यंत विशीतला पोरगा दोन पावलं पुढे गेलेला असतो. ते टाळायला तो बचावाची लाइन खाली, म्हणजे मागे ठेवतो, अगदी आपल्या गोलसमोरच्या डी-पर्यंत. लाइन खाली गेली की मिडफिल्ड आणि बचाव यांच्यात एवढी जागा पडते की समोरचा तिथे बॉल थांबवून, मान वर करून, हवा तो पास निवडतो. एकाचा वेग कमी झाला की त्याचा भुर्दंड दहा जण भरतात.

आता हेही ऐका. मध्यंतरी तो एका लग्नाला गावी गेला होता आणि सरावाचा सामना आम्ही त्याच्याशिवाय खेळलो. त्याच्या जागी सिन्नरचा मुलगा. वय १९, पळायला भन्नाट. सुरुवातीला त्याने मागे धावत जाऊन असे बॉल काढले की आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. मग उजवीकडून एक साधा बॉल आला. तिघं बॅक वर सरकले, डावा बॅक मागेच राहिला. त्यामुळे स्ट्रायकर ऑफसाइड न ठरता ऑनसाइड, गोल. गोलचं एवढं काही नाही, सरावच होता. पण नंतर चौघंही खाली मान घालून आपापल्या जागी गेले. कोणी कोणाला चकार शब्द बोललं नाही. कॅप्टन असता तर बॉल सुटायच्या आधीच त्याचं "वर! वर! डावा, वर ये!" पार रस्त्यावर ऐकू आलं असतं. आणि तरीही गोल झालाच असता, तर त्याने आधी त्या डाव्या बॅकच्या मानेवर हात ठेवला असता आणि मग सगळ्यांना सेंटरकडे पिटाळलं असतं. त्या दिवशी पुढच्या दहा मिनिटांत अजून एक गोल खाल्ला, तोही तसाच.

निवडीतले माझे एक सहकारी म्हणतात, "नेतृत्व ही जागा अडवायची सबब आहे. टीममध्ये जागा खेळाची असते, स्वभावाची नाही." दुसरे इंग्लंडचं उदाहरण देतात. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचा नवा कोच थॉमस टुखेलने आपल्या पहिल्याच संघात मिडफिल्डर जॉर्डन हेंडरसनला परत बोलावलं. तेव्हा तो ३४ वर्षांचा, आणि २०२४ च्या युरोला त्याला वगळलेलं होतं. टुखेलने उघड सांगितलं की ड्रेसिंग रूममधला त्याचा वावर, त्याचं पुढारपण आपल्याला हवं आहे. तिकडे टीका झाली ती नेमकी आमच्या यादीवर होतेय तीच: मग तरुण मिडफिल्डरने काय करायचं?

माझी अडचण निराळी आहे. पूर्वी मी दुसऱ्या एका क्लबात होतो. तिथे एका जुन्या खेळाडूला मानाने यादीत ठेवत गेले. त्याला खेळवायचं का, कधी, किती, हे कोणी त्याला सांगितलं नाही आणि पोरांनाही सांगितलं नाही. तो दर रविवारी बूट बांधून बसायचा आणि चिडून घरी जायचा. दोन चांगली पोरं क्रिकेटकडे गेली. तसं मला इथे होऊ द्यायचं नाही. या माणसाने आमच्यासाठी पावसात चिखल तुडवलाय, पोरांच्या घरी जाऊन आईवडिलांना समजावून त्यांना मैदानावर आणलंय. त्याचा उपकार म्हणून विसावं नाव लिहायचं, हे त्यालाही आवडणार नाही.

म्हणून विचारतो: तुमच्या संघात असा खेळाडू असेल तर तुम्ही काय पाहून ठरवता? नुसतं "अनुभव हवा" किंवा "तरुणांना संधी द्या" असं नको, ते आम्ही एकमेकांना भरपूर ऐकवून झालंय.

---

मूळचा कोल्हापूरकर, सध्या पाथर्डी फाटा

मॅनेजर साहेब, मी शाहू स्टेडियमच्या कठड्यावर बसून लहानाचा मोठा झालोय. पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, दिलबहार या संघांच्या मॅचला पेठा रिकाम्या होतात. तिथली गॅलरी कोणाचं वय बघत नाही, मॅच बघते. त्यामुळे माझं मत जरा कडक आहे.

भारताचा कॅप्टन राहिलेल्या सुनील छेत्रीचं घ्या. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतशी ०-० झालं आणि त्याने निरोप घेतला. १५१ सामने, ९४ गोल. आपल्या देशात कोणाच्या जवळपासही नाही. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे कोच मानोलो मार्केझने त्याला परत बोलावलं, तेव्हा तो चाळिशीचा. लोक म्हणाले, नेतृत्वासाठी आणलाय. मला ते पटत नाही. त्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगामात त्याचे १४ गोल होते, भारतीयांमध्ये सर्वांत जास्त. म्हणजे तो खेळाच्या जोरावर परत आला. शिलाँगला मालदीवशी ३-० जिंकलो, त्यात त्याचा हेडर होता. इथपर्यंत सगळं रास्त आहे.

पण पुढे बघा. आशियाई कपच्या पात्रता फेरीत बांगलादेशशी ०-०. जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१. ऑगस्टमध्ये नवे कोच खालिद जमील आले, त्यांनी मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपला छेत्रीला नेलं नाही आणि पोरांनी ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. ऑक्टोबरात सिंगापूरविरुद्ध छेत्री संघात परत. तिकडे १-१, मडगावला १-२, आणि २०२७ चा आशियाई कप हातचा गेला. यात छेत्रीचा दोष आहे असं मी कधीही म्हणणार नाही. दोष हा की वीस वर्षं एकाच माणसाच्या डोक्यावर बॉल टाकायची सवय लागली आणि नऊ नंबरला, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी, दुसरा कोणी उभा राहिला नाही. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला खेळला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, त्या बॅचमधून पुढचा स्ट्रायकर येईल. पण क्लबांमध्ये नऊ नंबरला बहुतेक परदेशी खेळाडू असतात, आणि देशासाठी छेत्री होताच. मग पोरांना त्या जागी मिनिटं मिळणार कुठून?

तुमचा सिन्नरचा मुलगा बोलत नाही कारण त्याला बोलायची वेळच आली नाही. कॅप्टन बोलतोय ना, मग मी कशाला, असं त्याचं झालंय. कॅप्टनला वीसमध्ये घ्या किंवा न घ्या, त्या मुलाला सलग मॅच द्या. दोन गोल खाईल. खाऊ दे.

---

गोलपोस्टमधून

कोल्हापूरकर दादा, मुद्दा मान्य, पण "सलग मॅच द्या, गोल खाऊ दे" हे बाहेर उभं राहून म्हणणं सोपं आहे. ते गोल माझ्यासारख्याच्या पाठीमागच्या जाळीत जातात.

मी नाशिकरोडला बरीच वर्षं गोलकीपर होतो. बोलणारा स्टॉपर असला तर कीपरला मॅचमध्ये निम्मे शॉट येतच नाहीत. ते लोकांना दिसत नाही, कारण न आलेला शॉट कोण मोजणार? माझ्यापुढे असाच एक वयस्कर खेळाडू होता. बॉल मध्यरेषेच्या पलीकडे असतानाच तो उजव्या बॅकला दोन पावलं आत ओढायचा. नुसती बोटाची खूण. पास आला की बॅक आधीच तिथे. धावायची गरजच पडायची नाही.

डीनो झॉफने १९८२ ला चाळिसाव्या वर्षी इटलीला वर्ल्डकप जिंकून दिला, कॅप्टन म्हणून. तो कीपर होता, ठीक आहे. पण पेपे तर स्टॉपर होता. २०२४ च्या युरोला ४१ व्या वर्षी पोर्तुगालकडून खेळला, आणि शेजारी रुबेन दियाससारखा तगडा जोडीदार. तुमच्याकडे सिन्नरचा आहे. दोघांना एकत्र उभं करून पाहिलंत का? मागचा बॉल त्याने काढायचा, पुढचा कॅप्टनने. मला तुमच्या पोस्टमध्ये हे एकदाही दिसलं नाही.

---

फिजिओ, कॉलेज रोड

माझ्याकडे चाळिशीच्या आसपासचे खेळाडू बरेच येतात, बहुतेक मांडीच्या मागच्या स्नायूच्या तक्रारीने, म्हणून लिहिते.

वयाबरोबर सगळं एकदम जात नाही. सरळ रेषेत जोरात पळण्याचा वेग आधी कमी होतो, त्याहून लवकर कमी होते ती असे स्प्रिंट एकामागोमाग एक मारण्याची ताकद. पहिला स्प्रिंट ठीक, तिसऱ्या-चौथ्याला फरक दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सामन्यानंतर शरीर पूर्ववत व्हायला लागणारा वेळ वाढतो. रविवारी पूर्ण ९० मिनिटं खेळलेला विशीतला मुलगा मंगळवारी सरावाला ताजा असतो, अडतिशीतल्याला गुरुवारसुद्धा जड जातो. त्यामुळे "तो खेळू शकतो का" हा प्रश्नच अपुरा आहे. किती मिनिटं आणि किती दिवसांनी, हे ठरवा.

मैदानावर करता येईल अशी एक गोष्ट सांगते. तीस मीटरच्या धावा, मध्ये थोडी थोडी विश्रांती ठेवून, मोबाइलवर वेळ लावून घ्या. त्याच्याबरोबर सिन्नरच्या मुलाच्या आणि बाकी बचावपटूंच्याही घ्या, म्हणजे फक्त त्याचीच परीक्षा घेतोय असं त्याला वाटणार नाही. पहिल्या आणि शेवटच्या धावेतला फरक पाहिलात की पूर्ण सामना की शेवटची पंचवीस मिनिटं, याचं उत्तर बरंचसं मिळेल.

आणि आपल्याकडे थंडीत सकाळी सातच्या मॅच असतात. दवाने मैदान ओलं, अंगात जॅकेट, आणि वॉर्म-अप म्हणजे गोलवर चार शॉट. या वयात स्नायू फाटायला एवढं पुरतं. फिफाचा ११+ वॉर्म-अप आहे, वीसेक मिनिटांचा, फुकट मिळतो. त्यातला गुडघ्यावर बसून पुढे झुकायचा नॉर्डिक व्यायाम नेटाने केला तर हॅमस्ट्रिंगच्या (मांडीच्या त्याच मागच्या स्नायूच्या) दुखापती बऱ्याच कमी होतात. सगळ्या संघाने करा, पण कॅप्टनने तो चुकवायचाच नाही.

बेंचवरून आणायचं असेल तर त्याला हाफ टाइमपासून हलतं ठेवा. थंड पायांनी एकदम मैदानात पाठवू नका.

---

डावा बॅक, वय २०

मी दुसऱ्या क्लबात खेळतो, इंदिरानगरला राहतो. मोठ्यांच्या बोलण्यात बोलतोय, पण आमची बाजू कोणी सांगत नाही म्हणून.

आमच्याकडेही असे एक दादा आहेत. ते बेंचवर असले तरी आम्हाला चालतं, मैदानावर असले तरी चालतं. चालत नाही ते हे, की ते बाहेर बसलेले असताना आमचे मॅनेजर चूक झाली की त्यांच्याकडे बघतात. मग आम्हीही बघतो. एकदा कॉर्नरला मी पहिल्या पोस्टवर उभा राहायचं की माणूस धरायचा, हे दादांनी बाहेरून एक सांगितलं आणि आत आमच्या कॅप्टनने दुसरं. मी मधेच राहिलो आणि गोल झाला. शिव्या मला पडल्या.

म्हणून काका, त्यांना घ्या, पण आत कोणाचं ऐकायचं ते एकच ठरवा.

---

सातपूरकर मॅनेजर

सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारी रात्री आम्ही तिघं बसलो, आणि काल यादी दिली. कसं ठरलं ते लिहितो, कारण इथल्या प्रत्येकाच्या म्हणण्यातलं काही ना काही त्यात आहे.

फिजिओ ताई, धावा घेतल्या. मंगळवारी, सगळ्या बचावपटूंच्या. आकडे इथे देत नाही, ते पोरांचे आहेत. पण कॅप्टनची पहिली धाव आमच्या उजव्या बॅकच्या बरोबरीची निघाली आणि शेवटच्या दोन बघायला त्रास झाला. त्याने स्वतः मोबाइल हातात घेऊन पाहिलं. "म्हणजे पूर्ण मॅच नाही," तो म्हणाला. आम्हाला म्हणावं लागलं नाही.

गोलपोस्टवाले दादा, मग दोघांना जोडीने लावलं. तुम्ही सांगितलंत तसंच झालं: लाइन वर राहिली, कारण मागे पळायला सिन्नरचा होता. पण अर्ध्या तासानंतर कॅप्टन हळूहळू खाली सरकायला लागला आणि लाइनही त्याच्याबरोबर खाली आली. त्यामुळे सुरुवातीच्या अकरामध्ये तो नाही. सुरुवात सिन्नरचा मुलगा आणि आमचा दुसरा स्टॉपर करतील. आपण एका गोलने पुढे आहोत, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं, समोरून हवेतले बॉल येतायत, अशा वेळी कॅप्टन आत. कॅमेरूनच्या रॉजर मिलाने १९९० ला ३८ व्या वर्षी वर्ल्डकपात चार गोल केले ते सगळे बदली म्हणून येऊन. हे मीच त्याला सांगितलं. तो म्हणाला मला गोल नकोत, कॉर्नर काढायचेत.

कोल्हापूरकर, तुमचं छेत्रीवरचं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं. मी इथे प्रश्न मांडला तेव्हा कॅप्टनच्या एका जागेचा विचार करत होतो. पण तो आला की सगळ्यांना बोलायचं काम सुटतं, ही त्याहून मोठी अडचण आहे. मी आता नेतृत्व असं मोजतोय: तो आत असताना शेजारचे चांगले खेळतात का, आणि तो बाहेर गेल्यावरही ते चांगले खेळतात का. पहिलं उत्तर हो आहे. दुसरं आज नाही आहे. ते हो व्हायला हवं, आणि ते तो आमच्यात असतानाच व्हायला हवं, कारण पोरांना शिकवणारा त्याच्याएवढा दुसरा कोणी आमच्याकडे नाही.

म्हणून कॅप्टनचा आर्मबँड बदलला. तो आता आमच्या गोलकीपरकडे आहे, वय २४. इंदिरानगरच्या मित्रा, तू सांगितलेलं कॉर्नरचं मी सरावात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, तुझं नाव-गाव न सांगता. नियम केला: आत अखेरचा शब्द एकाचाच, गोलकीपरचा. जुना कॅप्टन बेंचवर असेल तेव्हा जे सांगायचं ते हाफ टाइमला, आणि तेही गोलकीपरला सांगायचं. त्याला हे सोपं जाणार नाही. काल पहिल्याच सरावात दोनदा त्याचं "वर!" तोंडापर्यंत आलेलं दिसलं आणि त्याने ओठ मिटले. सिन्नरचा मुलगा एकदा स्वतःहून ओरडला. आवाज बारीक होता, पण डावा बॅक वर आला.

यादी द्यायच्या आदल्या दिवशी मी जुन्या कॅप्टनच्या घरी जाऊन हे सगळं त्याला समोरासमोर सांगितलं: किती मिनिटं, कोणत्या वेळी, आणि आर्मबँड का काढतोय तेही. वहिनी तिथेच होत्या. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. सराव चुकवला तर पुढच्या मॅचला बाहेर बसवणार का, इतरांसारखं? मी म्हटलं, हो. आणि हंगामाच्या मध्यावर पाय साथ देत नाहीत असं दिसलं तर त्याच्या जागी दुसऱ्याची नोंद करता येईल का? नियमात तशी मुदत (विंडो) आहे, ते मी तपासून सांगितलं. तो म्हणाला, मग तेव्हा लाजू नका.

विसावं नाव त्याचंच गेलं आहे.

पहिली मॅच येत्या रविवारी, सकाळी साडेसातला. ताई, तो ११+ वॉर्म-अप पोरांना एकदा नीट करून दाखवायला शनिवारी संध्याकाळी मैदानावर येऊ शकाल का? सिडकोतून कोणी तरी तुम्हाला घ्यायला येईल. फीचं तुम्ही सांगाल तसं.